सेफ फोटो मिळाल्यानंतरची दहा मिनिटं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दोन वर्षं झाली, एका दैनिकात फोटोग्राफर आहे. रोज तीन-चार असाइनमेंट, त्यातल्या निम्म्या पत्रकार परिषदा नाहीतर बक्षीस समारंभ. फोटो छापून येतात, डेस्क (ऑफिसात फोटो निवडून पान लावणारी मंडळी) कधी नावं ठेवत नाही. पण परवा दोन वर्षांपूर्वीचे फोटो काढून कालच्या फोटोंशेजारी ठेवले तर फरकच दिसेना. आता फुल फ्रेम बॉडी (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) आणि ७०-२०० (लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स) घेऊ, की नोकरी सोडून फ्रीलान्स करू, की सरळ डॉक्युमेंटरीकडे वळू?"

मी या कामात चोवीस वर्षं आहे, सुरुवात फिल्मवर केली, आता मिररलेस डिजिटल कॅमेरा वापरते, आणि मधे कधीतरी अगदी ह्याच जागी अडकून बसले होते, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

जुने-नवे फोटो शेजारी ठेवून बघितलेत हेच निम्मं काम झालं. बरेच लोक दहा-दहा वर्षं ते करत नाहीत आणि मग नवीन आलेलं पोरगं पहिल्या पानावर झळकलं की चिडचिड करत बसतात. आता तुम्ही विचारलंय कॅमेरा, फ्रीलान्स आणि डॉक्युमेंटरी, पण मला वाटतं तुमची अडचण ह्या तिन्हीत नाहीये. तुमची अडचण ही आहे की सेफ फोटो मिळाला की तुम्ही निघता.

तुम्हाला न ओळखता हे कशावरून म्हणते, तर "डेस्क कधी नावं ठेवत नाही" ह्या वाक्यावरून. दोन वर्षांत एकदाही "हे काय घेऊन आलास" असं ऐकावं लागलं नसेल तर डेस्कला अपेक्षित नसलेलं तुम्ही कधी काही आणलंच नाहीत. मी पहिली तीन वर्षं अशीच काढली आणि मला वाटायचं मी फार भरवशाची फोटोग्राफर आहे. होतेच म्हणा.

सेफ फोटो म्हणजे डेस्कला नाकारता येणार नाही असा. देणारा, घेणारा, दोघांचे चेहरे शार्प, डोळे उघडे, मागच्या बॅनरवरची अक्षरं वाचता येतायत, कुणाचा हात कुणाच्या तोंडावर आलेला नाही. हा फोटो काढू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. तो आधी काढायचा, पगार त्याचाच मिळतो. तो न काढता "वेगळं काहीतरी" घेऊन ऑफिसला गेलात तर बातमीदार, उपसंपादक आणि पान लावणारा तिघंही ओरडतील आणि बरोबरच ओरडतील. पण चाळीस मिनिटांच्या कार्यक्रमात तो फोटो चार-पाच मिनिटांत होतो. नंतर आपण काय करतो? मागच्या स्क्रीनवर झूम करून डोळे तपासतो, हुश्श करतो, लेन्सला झाकण लावतो आणि गाडी काढतो. ती जी पस्तीस मिनिटं उरली, त्यातली निदान दहा तरी तिथेच थांबून बघा. पहिल्या पाच मिनिटांत आपण आपल्याला येतं तेच करत असतो, कारण चुकायची भीती असते, आणि फोटो खिशात पडला की मगच चुकायची मोकळीक मिळते. शिकणं सगळं ह्या मोकळीकीत होतं, निदान माझं तरी तसंच झालं.

आता ह्यात परिस्थितीप्रमाणे बरंच बदलतं ते कबूल करते. तुम्ही पगारावर आहात म्हणून हे सांगतेय, जो स्ट्रिंगर आहे आणि ज्याला छापून आलेल्या फोटोमागे पैसे मिळतात त्याचा हिशोब वेगळा, त्याला तिथे दहा मिनिटं थांबणं म्हणजे पुढचं काम हातचं जाणं असू शकतं. दिवसाला सहा असाइनमेंट आणि मधे तास तासाचा प्रवास असेल तर प्रत्येक ठिकाणी थांबा हा सल्ला देणाऱ्याला आपण शिव्याच घालू. अशा वेळी मी दिवसातली एकच असाइनमेंट निवडायचे, बाकीच्या सरळ सेफ करून सोडून द्यायच्या, अपराधी वाटून घ्यायचं नाही. आणि निवडताना मोठी बातमी निवडायची नाही, कारण मोठ्या बातमीला गर्दी असते, धक्काबुक्की असते आणि प्रयोगाला जागाच नसते. मी बहुतेक वेळा सगळ्यात कंटाळवाणी निवडायचे.

एक उदाहरण सांगते. कुठल्यातरी आंतरशालेय स्पर्धेचा बक्षीस समारंभ, मी चुकून अर्धा तास लवकर पोचले कारण आधीची पत्रकार परिषद रद्द झाली होती. हॉलमध्ये खुर्च्या मांडणं चालू होतं. स्टेजच्या मागे पडद्याच्या फटीतून उजेडाची एक पट्टी जमिनीवर पडली होती आणि तिथे नऊ-दहा वर्षांची एक मुलगी एकटीच उभी राहून सराव करत होती. तिला कुणीतरी सांगितलं असणार की डाव्या हातानं ढाल घ्यायची आणि उजव्या हातानं हस्तांदोलन करायचं. हातात एक पुठ्ठा होता, तो डाव्या हातात घ्यायची, उजवा हात हवेत पुढे करायची, मान किंचित झुकवायची, मग परत पहिल्यापासून. दोनदा हात चुकले, तर स्वतःशीच जीभ चावली. मी ३५ एमएम, म्हणजे जवळ जाऊन काढायची रुंद लेन्स, लावून अकरा फ्रेम काढल्या. मग समारंभ झाला, सेफ फोटो झाला, दोन्ही डेस्कला दिले. छापला अर्थातच स्टेजवरचा, तोही दोन कॉलम, आणि पडद्यामागचा फोटो आजतागायत कुठेही छापून आलेला नाही. पण त्या दिवसानंतर मी कुठल्याही हॉलमध्ये शिरले की पहिल्यांदा स्टेजच्या मागे जाते. तिथे लोक अजून "फोटोसाठी" उभे राहिलेले नसतात. पुढच्या काही वर्षांत माझे जे चार-पाच बरे फोटो पहिल्या पानावर गेले त्यातले दोन अशाच मागच्या बाजूचे होते.

तुम्ही म्हणाल समारंभातून काय मोठं काम होणार. होमाई व्यारावाला ह्यांचं काम बघा. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, १९७० च्या सुमारास त्यांनी काम थांबवलं, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. आता त्यांच्या रोजच्या कामाची यादी मनाशी करून पाहा. पाहुण्यांचं स्वागत, विमानतळ, मेजवान्या, भेटीगाठी, भाषणं. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखंच, फक्त माणसं मोठी. आणि त्यातूनच नेहरू विमानात एका बाईंची सिगारेट पेटवून देतायत आणि स्वतःच्या तोंडातही सिगारेट आहे असा फोटो निघतो, कबूतर सोडतानाचे नेहरू निघतात, विमानतळावर बहिणीला मिठी मारणारे नेहरू निघतात. त्या ज्या काळात काम करत होत्या तेव्हा स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा होता, त्याच्या एका होल्डरमध्ये दोन फिल्म, एक काढली की उलटा करून दुसरी. सेकंदाला वीस फ्रेमचा प्रश्नच नव्हता, नजर लावून थांबावंच लागायचं.

थांबून काय करायचं हे मला शिकवलं आमच्या त्या वेळच्या चीफ फोटोग्राफरनी. सर फार बोलायचे नाहीत. फिल्मच्या दिवसांत निगेटिव्हवरून काँटॅक्ट शीट काढायची पद्धत होती, म्हणजे ३६ च्या ३६ फ्रेम एकाच कागदावर, तिकिटाएवढ्या, काढल्या त्याच क्रमानं. मी त्यांच्याकडे माझा चांगला फोटो मोठा करून घेऊन जायचे आणि ते तो बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे "शीट आण". मग भिंगातून एक-एक ओळ बघायचे आणि लाल पेन्सिलनं भलत्याच फ्रेमवर गोल करायचे. एकदा बारा, तेरा, चौदा नंबरवर गोल केला आणि म्हणाले, "इथे तुला काहीतरी दिसलं होतं. पंधरा नंबरला परत स्टेजकडे वळलीस. का?" मला उत्तर देता आलं नाही. बारा-तेरा-चौदामध्ये प्रेक्षकांतला एक म्हातारा होता, सगळे टाळ्या वाजवत असताना तो हातावर हात ठेवून बसला होता, आणि मी तीन फ्रेम काढून घाबरले होते की स्टेजवरचं काहीतरी सुटेल. स्टेजवर काहीही होत नव्हतं, पुढच्या बावीस फ्रेम साक्षीला आहेत.

काँटॅक्ट शीट गेली पण ती बघायची सवय सोडू नका. आठवड्यातून एकदा एका असाइनमेंटचा सगळा टेक, म्हणजे तिथे काढलेले सगळे फोटो, उघडा, निवडलेले नाही, सगळे, वेळेच्या क्रमानं, छोट्या आकारात, एका स्क्रीनवर मावतील तेवढे. प्रत्येक फाइलमध्ये वेळ, शटर, फोकल लेंथ सगळं लिहिलेलं असतं, त्यामुळे आता लपवायला जागाच नाही. पहिली फ्रेम किती वाजता, शेवटची किती वाजता. एकूण किती काढल्या आणि त्यातल्या किती एकाच जागी उभं राहून. गुडघ्यावर बसून किती, उंचावरून किती. किती ठिकाणी काहीतरी दिसलं आणि तीन फ्रेममध्ये सोडून दिलं. मी पहिल्यांदा हे मोजलं तेव्हा १८० फ्रेमपैकी दीडशेच्या वर एकाच जागेवरून होत्या आणि जवळपास सगळ्या छातीच्या उंचीवरून. तोपर्यंत मला वाटत होतं की मी खूप हलते.

आणि त्यासाठी अर्थातच फ्रेम शिल्लक पाहिजेत, म्हणून जागेवर डिलीट करत जाऊ नका. ह्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. टाइम मासिकासाठी काम करणाऱ्या डर्क हॉलस्टेडनी १९९६ मध्ये एका निधी गोळा करायच्या कार्यक्रमात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन ह्यांचे फोटो काढले होते, गर्दीतल्या लोकांना भेटतायत, मिठ्या मारतायत, नेहमीचंच. १९९८ मध्ये क्लिंटन आणि मोनिका लेविन्स्की ह्यांच्या संबंधांचं प्रकरण बाहेर आलं, तिचा फोटो बघून हॉलस्टेडना वाटलं हा चेहरा कुठेतरी पाहिलाय, मग माणूस बसवून जुन्या स्लाइड धुंडाळल्या आणि त्यातली क्लिंटन तिला मिठी मारतायत अशी एक फ्रेम निघाली, ती टाइमच्या मुखपृष्ठावर गेली. त्याच कार्यक्रमाला डिजिटलवर काम करणारेही होते, पण त्यांनी बिनकामाचे म्हणून ते फोटो पुसून टाकले होते. तुमच्या डिस्कमध्ये असं काही असेलच असं नाही, पण आज कोण बिनकामाचं हे आज ठरवता येत नाही. फोल्डरला तारीख आणि विषय द्या, दोन ठिकाणी कॉपी ठेवा. ह्याहून जास्त पसारा मी स्वतःही करत नाही.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर सेफ फोटो आधी, मग दहा मिनिटं जास्त, दिवसातून एका तरी ठिकाणी, आणि आठवड्याला एका टेकचं पोस्टमॉर्टेम. आता बाकीच्या गोष्टी, ज्या कुणी शिकवत नाही कारण त्या फोटोग्राफी वाटतच नाहीत.

त्यातली पहिली म्हणजे छपाई. आपण फोटो बघतो चकचकीत स्क्रीनवर आणि तो छापला जातो शाई शोषून घेणाऱ्या करड्या कागदावर. शाईचा ठिपका पसरतो, त्याला डॉट गेन म्हणतात, आणि न्यूजप्रिंटच्या छपाईच्या मानकात मधल्या टोनला साधारण २६ टक्के डॉट गेन धरलेलाच असतो. म्हणजे ५० टक्क्यांचा करडा कागदावर ७५ च्या आसपास गडद दिसणार. मी सुरुवातीला मस्त नाट्यमय काळ्या सावल्या ठेवायचे आणि सकाळी पेपरमध्ये बघितलं की माणसाच्या चेहऱ्याच्या जागी काजळीचा डाग. रोज सकाळी आपला छापील फोटो आणि ती फाइल शेजारी धरून बघायची सवय लावा, महिनाभरात डोळ्याला कळायला लागतं की सावलीतला चेहरा किती उचलायचा. तसंच एकदा रात्री पानं लागताना डेस्कवर जाऊन बसा. पान लावणाऱ्याला आडवा हवा होता आणि तुम्ही सहाही उभे दिलेत म्हणून त्यानं डोकं कापलं, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. मी प्रत्येक विषयाचा एक आडवा, एक उभा आणि एक भोवती भरपूर मोकळी जागा असलेला देते, आणि जमलं तर माणूस डावीकडे बघणारा आणि उजवीकडे बघणारा असे दोन्ही, कारण पानाच्या कडेला लागलेला फोटो पानाबाहेर बघत असला की पान लावणारा वैतागतो. त्याला वैतागू न देणं हा पहिल्या पानावर जायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

दिव्यांबद्दल एकच. हॉलमध्ये एकाच जागेवरून काढलेल्या फ्रेम एक पिवळट, एक काळपट, एक बरी अशा येत असतील तर कॅमेरा बिघडलेला नाही. ५० हर्ट्झच्या विजेवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, शटर सेकंदाच्या १/५०० इतकाच वेळ उघडं असेल तर तुम्ही त्याचा कुठला तुकडा पकडाल ते नशीब. शटर १/१०० ला आणा, किंवा कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (ही लुकलुक टाळायची सोय) असेल तर चालू करा. मागे एलईडीची भिंत असेल तर हे गणित चालत नाही, तिथे दोन-चार शटर स्पीड चालवून बघणं एवढंच हातात असतं.

फोटोओळ. ह्यावर मी जरा जास्त बोलणार कारण इथे मी तोंडावर आपटलेय. पाच जणांचा ग्रुप होता, आयोजकांना विचारलं नावं सांगा, ते स्टेजवर त्या पाच जणांसोबतच उभे होते आणि त्यांनी डावीकडून पटापट सांगितली. त्यांच्या डावीकडून. माझ्या उजवीकडून. मी लिहिलं "डावीकडून" आणि मधला सोडून चारही नावं उलटी छापली गेली, त्यातल्या दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी दिलगिरी, संपादकांच्या केबिनमध्ये दहा मिनिटं, आणि बातमीदार आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होता. तेव्हापासून मी आयोजकाकडून नावं घेत नाही. ज्याचा फोटो आहे त्याच्याकडूनच घेते, त्याच्याच तोंडून, फोनमध्ये रेकॉर्ड करते, आणि ग्रुपची फ्रेम त्याच वेळी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दाखवून बोट ठेवून विचारते. नावाच्या पाट्या, निमंत्रणपत्रिका, बॅनर ह्यांची एक-एक फ्रेम काढून ठेवते. घाईत लिहिलेलं स्वतःचं अक्षर रात्री नऊ वाजता स्वतःलाच लागत नाही. आणि ओळीत फोटोत दिसतंच आहे ते परत लिहू नका, "पुरस्कार स्वीकारताना" हे दिसतंय, पुरस्कार कशाचा ते दिसत नाही. ते लिहायला गेलं की आपोआप माणसाशी दोन वाक्यं बोलावी लागतात, आणि माझ्या अनुभवात पुढच्या फोटोचा पत्ता त्या दोन वाक्यांतच सापडतो.

बोलण्यावरून आठवलं, व्यासपीठावरच्या लोकांपेक्षा हॉलचा चौकीदार, साउंडवाला आणि दिवेवाला ह्यांच्याशी ओळख ठेवा. पाहुणे कुठल्या दारानं येणार, कधी निघणार, वरची गॅलरी उघडी मिळेल का, हे त्यांना आयोजकांच्या आधी माहीत असतं. माझी उंची बेताची, घोळक्यात पुढच्यांच्या पाठीच दिसायच्या, तेव्हा एका साउंडवाल्यानं त्याच्या स्पीकरची रिकामी पेटी उभं राहायला दिली होती. आता घडीचं स्टूल गाडीत असतं.

फोटोत ढवळाढवळ. तुम्ही विचारलं नाहीये पण कंटाळलेला फोटोग्राफर ह्या वाटेला जातो म्हणून सांगते. "साहेब, हस्तांदोलन परत एकदा" हे आपण सगळेच कधी ना कधी म्हटलेलं आहे. पोर्ट्रेटमध्ये माणसाला इथे बसा, खिडकीकडे बघा सांगणं वेगळं, तिथे वाचकालाही कळतं की हा बसवून काढलेला आहे. घडणाऱ्या गोष्टीत काही परत करायला सांगितलं की ती तुमच्यासाठी घडायला लागते, आणि मग आपण वाट बघणं विसरतो, म्हणजे नैतिकतेचं राहू द्या, कामाच्या दृष्टीनंही तोटाच. संगणकावर तर अजिबात नाही. २००३ मध्ये इराकमध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या ब्रायन वॉल्स्कीनं पाठोपाठ काढलेल्या दोन फ्रेम जोडून एक केली, एकीत सैनिकाचा हात चांगला होता आणि दुसरीत मूल घेतलेला माणूस. फोटो पहिल्या पानावर गेला, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मागच्या गर्दीतली काही माणसं दोनदा दिसतायत, आणि नोकरी गेली. कसलेला फोटोग्राफर होता, दोन्ही मूळ फ्रेम आपापल्या जागी छापण्याजोग्या होत्या. २०१५ पासून रॉयटर्स वृत्तसंस्थेनं तर फ्रीलान्सरांना सांगून ठेवलंय की रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइलवरून, संगणकावर बनवलेल्या फाइल नकोत, कॅमेऱ्यानं बनवलेली जेपेग द्या. उजेड थोडा कमी-जास्त करा, क्रॉप करा, कागदासाठी सावल्या उचला, त्यापुढे हात लावू नका, आणि मूळ फाइल कायम जपून ठेवा, आजकाल एआयमुळे खऱ्या फोटोवरही शंका घेतली जाते, तेव्हा तीच कामाला येते.

अपघात, मृत्यू, रडणारी माणसं ह्याबद्दल मी इथे नियम देणार नाही कारण माझ्याकडे नाही. माझी पद्धत एवढीच की मदतीच्या माणसांच्या वाटेत उभं राहायचं नाही, आणि घरात गेले तर कॅमेरा खाली ठेवून आधी बसायचं. कधी कुणी मानेनं हो म्हणतं, कधी म्हणत नाही. दोनदा फोटो न घेता परत आलेय, एकदा त्यावरून बोलणीही खाल्ली.

आता तुमचे मूळ तीन प्रश्न.

कॅमेरा: टेक उघडल्यावर चुकलेल्या फ्रेम वेगळ्या काढा. फोकस हुकला, अंधारात नॉइजनं, म्हणजे दाणे येऊन, वाट लागली, पोचच कमी पडली, अशा निम्म्याच्या वर असतील तर घ्या, आणि त्यातही आधी लेन्स घ्या, बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली ७०-२०० पंधरा वर्षं टिकते. माझा अंदाज असा की बहुतेक फ्रेम चुकीच्या जागी उभं राहिल्यामुळे गेल्यात असं निघेल, आणि मग ७०-२०० घेतलीत तर तुम्ही आणखी मागे उभे राहाल. मला विचाराल तर सहा महिने एक ३५ एमएम घेऊन जवळ जायची सवय करा, मग ७०-२०० घ्या. आणि दोन बॉडी गळ्यात अडकवू नका, खांद्यावरून पट्टा किंवा कमरेचा बेल्ट घ्या. मी ऐकलं नाही, आता मान आणि पाठ दोन्ही बोलतात.

फ्रीलान्स: नोकरी शाश्वत आहे म्हणून धरून ठेवा असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. शिकागो सन-टाइम्सनं मे २०१३ मध्ये एका दिवसात सगळेच्या सगळे २८ पूर्णवेळ फोटोग्राफर काढून टाकले, त्यात जॉन व्हाइट होते, ज्यांना १९८२ चं पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक, मिळालं होतं. तेव्हा भरवसा कुणाचाच नाही. पण तुम्हाला आज नोकरीतून जे मिळतंय त्याचा विचार करा, रोज चार अनोळखी ठिकाणी आत शिरायची परवानगी मिळते, फ्रीलान्सरचा अर्धा दिवस ती मिळवण्यातच जातो. पगार चालू असताना फुकटात चुका करता येतात. ज्या दिवशी तुमच्या फोल्डरमध्ये दुसऱ्या कुणी पैसे देऊन मागेल असे वीस फोटो असतील त्या दिवशी परत विचार करा. तोपर्यंत एक काम करा, नोकरीचा करार काढून वाचा, काढलेल्या फोटोंचे हक्क कुणाचे आणि बाहेर वापरता येतात का. बऱ्याच जणांनी तो सही करतानाही वाचलेला नसतो.

डॉक्युमेंटरी: त्यासाठी कुठेही "वळावं" लागत नाही. रोजच्या वाटेवरचा एक विषय घ्या, तुम्हाला आठवड्याला एकदा तरी जाता येईल असा, आणि वर्षभर जा. मी एका नाट्यगृहाच्या पडद्यामागच्या कामगारांकडे चौदा महिने जात होते, बहुतेक वेळा असाइनमेंट संपवून घरी जाताना वीस मिनिटं. पहिले तीन महिने सगळे कॅमेरा बघून ताठ उभे राहायचे. मग एकदा कॅमेरा न घेताच गेले, तर त्यांनी विचारलं आज काय झालं, बिघडला का. त्यानंतरचे फोटो वेगळेच आले. शेवटी ती गोष्ट रविवारच्या पुरवणीत नऊ फोटोंची छापली गेली, आणि ते नऊ निवडताना जेवढं शिकले तेवढं त्याआधीच्या पाच वर्षांत शिकले नसेन. एकेक फोटो चांगला असून चालत नाही, लांबून, जवळून, हात, चेहरा, रिकामी जागा असं सगळं लागतं, आणि दोन चांगल्या फोटोंपैकी एक काढून टाकावा लागतो कारण दोघं एकच सांगत असतात.

किती दिवसांत फरक पडेल हे विचारलं नाहीत पण मनात असणार. मला दीड वर्ष लागलं. सहा महिने तर टेक बघून नुसतं वाईट वाटायचं, नजर सुधारली होती आणि हात मागेच होता, तो काळ सगळ्यात वैतागाचा.

तर सध्या एकच करा, कालच्या बक्षीस समारंभाचं फोल्डर उघडा, पहिल्या फ्रेमची वेळ आणि शेवटच्या फ्रेमची वेळ बघा, आणि मधल्या फ्रेमपैकी किती एकाच जागेवरून काढल्यात तेवढं मोजून मला सांगा. ७०-२०० चं मग बघू.